दाखवणाऱ्यानं काय सांगावं?

२०२५च्या चैत्रात आई, बाबा आणि मावशी माझ्याकडे टोकियोला आले होते. तिघांचाही पहिला विमानप्रवास. मंगरूळपीर ते मुंबई, मुंबई ते नारिता. विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्ये मावशीनं दहा मिनिटं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काऊन रे, कोनी मेलं गिलं का? कोनी बोलूनच नाई राह्यलं." डब्यात पन्नाससाठ माणसं होती आणि सगळ्यात मोठा आवाज तिच्या कुजबुजण्याचा होता.

मी इथं चार वर्षांपासून आहे. एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, निशी-कासाईत राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांनी इतका गजबजलेला आहे की तूरडाळ, हिंग, पोहे कोपऱ्यावर मिळतात. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. त्यामुळे घरात कुणाला परकं वाटणार नाही याची मला खात्री होती. काळजी घराबाहेरची होती. आईला देवळं पाहायची होती, बाबांना रेल्वे आणि मावशीला माझ्या स्टेटसवरची 'गुलाबी झाडं'.

मी एक शीट बनवली. तारीख, ठिकाण, स्टेशन, शौचालय कुठं, बसायला बाक आहे का, असे रकाने. शेवटचा रकाना होता 'काय सांगायचं'. हे सगळं लिहितोय ते त्या शेवटच्या रकान्यामुळे.

आधी फुलांबद्दल सांगून टाकतो, कारण त्यांचं वेळापत्रक माझ्या हातात नव्हतं. टोकियोत साकुरा उमलला हे हवामान खातं जाहीर करतं, आणि त्यासाठी यासुकुनी देवस्थानाच्या आवारातलं एक ठरावीक झाड पाहतं. त्या झाडावर पाचसहा फुलं उघडली की बातमी. २०२५ मध्ये ती २४ मार्चला आली, आणि पूर्ण बहर जाहीर झाला ३० मार्चला, म्हणजे नेमका गुढीपाडव्याला. सगळं शहर एकदम फुलतं याचं कारण साधं आहे. शहरात सगळीकडे दिसणारी सोमेई योशिनो ही जात फक्त कलमांनी वाढवलेली आहे, मूळ एकाच झाडाच्या प्रती आहेत सगळ्या. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या संत्र्यासारखं." एवढ्यात त्यांचं समाधान झालं.

आई मात्र पहिलं झाड पाहून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पळसावानी आहे. पान नाई एकबी, नुसतं फूल." तोवर मला ही तुलना सुचलीच नव्हती. आमच्याकडे फाल्गुनात धुऱ्याधुऱ्यावर पळस पेटतो. पानं गळलेली आणि फांदी न् फांदी केशरी. ते पाहायला कुणी रजा काढत नाही, खाली सतरंजी टाकून बसत नाही. आई मात्र त्या साकुराखालून लवकर निघेना. मला वाटलं, आवडलं तिला.

पहिलं देऊळ उएनोचं. शिनोबाझू तळ्याच्या मधोमध बेन्तेन्-दो आहे, काठानं साकुरा. देवळासमोर दगडी वाद्य आहे, बिवा, आपल्या वीणेच्या नात्यातलं. आत बेन्झाईतेन ही देवी. हीच आपली सरस्वती. सुवर्णप्रभास सूत्रात ती होती, त्या सूत्राची चिनी भाषांतरं झाली, आणि चीनमधून ती इथं पोचली. शीटमध्ये मी एवढंच लिहिलं होतं : 'सरस्वती'.

आईनं विचारलं, "ही आपलीच का?"

"हो, आपलीच."

तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि मी तिकडं अस्वस्थ. कारण ही देवी इथं येऊन बरीच बदलली आहे. ती पैशाचीही देवी झाली आहे. तिचं नातं सापाशी जोडलं गेलं आहे. उगाजिन नावाच्या, अंगानं साप आणि तोंडानं म्हातारा अशा एका स्थानिक देवाशी तिची सरमिसळ झाली आहे. आई जिला नमस्कार करत होती ती शाळेत दसऱ्याला पाटीवर काढायची सरस्वती होती. समोर होती ती दुसरीच कुणी, किंवा तीच, हजारभर वर्षांच्या प्रवासानंतरची. 'हो' म्हणताना मी खोटं बोललो का? तेव्हा मी ठरवलं की नाही. प्रोग्रॅमर माणसाला याची सवय असते. आत काय काय चाललं आहे ते वापरणाऱ्याला दाखवायचं नसतं. त्याला एक बटण द्यायचं, बाकी गुंतागुंत झाकून ठेवायची. 'आपलीच' हे मी आईला दिलेलं बटण होतं.

दुसऱ्या दिवशी आसाकुसाचं सेन्सो-जी. इथं तर आईनं मला पेचातच पकडलं. प्रचंड गर्दी, मोठा लाल कंदील, पायऱ्या चढून वर गेलो, लोक नाणी टाकताहेत, हात जोडताहेत. आई टाचा उंचावून आत पाहू लागली. "देव कुठी आहे?"

देव दिसत नाही. ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली अशी या देवळाची कथा आहे. ती मूळ मूर्ती कायमची बंद आहे. कुणालाच दाखवत नाहीत. १९४५ च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळालं, १९५८ मध्ये मुख्य सभागृह पुन्हा उभं राहिलं, मूर्ती तशीच आड. जपानीत अशा मूर्तींना 'हिबुत्सु' म्हणतात, लपवलेला बुद्ध. नागानोच्या झेन्को-जीत तर मूळ मूर्ती बंदच, आणि तिची प्रतिकृतीसुद्धा काही वर्षांतून एकदाच बाहेर काढतात.

मला वाटलं, आईला हे पचणार नाही. आपल्याकडे दर्शन म्हणजे बघणं. आपण त्याला पाहायचं, त्यानं आपल्याला. पण उत्तर बाबांनी दिलं. बाबा एसटीत कंडक्टर होते, मंगरूळपीर डेपोला, गेल्या साली निवृत्त झाले. ते म्हणाले, "शिरपूर नाई का?"

वाशीमबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन नावाचं गाव आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे, म्हणून ते नाव. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात १९८१ पासून त्या मंदिराला कुलूप होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडलं. माझ्या जन्माआधीपासून मी नोकरीला लागेपर्यंत ते दार बंद होतं. आणि लोक येतच होते, लहानशा झरोक्यातून बघून जात होते.

"परतीच्या गाडीत मी त्यायचे चेहरे पाहो," बाबा म्हणाले. "दर्शन नाई झालं असं मले तरी कोनी म्हनलं नाई."

आईनं बंद दाराला हात जोडले. मी तिला लपलेल्या बुद्धाबद्दल पाच मिनिटांचं भाषण देणार होतो, ते राहून गेलं.

तिथून चालत माझ्या आवडत्या जागी गेलो. सुमिदा नदीच्या काठाजवळ टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे. मावशीच्या गुडघ्यांसाठी तिथं वर जायला एक पिटुकली फुकट गाडीही आहे. देव कोण? गणपती! इथं त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, आणि त्याला वाहतात मुळा. पांढरा, मनगटाएवढा जाड, जपानी मुळा. मावशीचा विश्वासच बसेना. "गनपतीले मुळा? मोदक कुठी गेले?" मोदकाचा एक दूरचा भाऊही आहे म्हणा, तळलेली, वर पुरचुंडीसारखी बांधलेली मिठाई, क्योतोत मिळते. पण इथं मुळा. वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून घरी न्यायला ठेवतात. मावशीनं एक उचलला आणि रात्री बेसन लावून त्याची भाजी केली. निशी-कासाईत मी खाल्लेला तो सर्वांत चांगला पदार्थ.

पण त्या देवळातही मी एक गोष्ट गाळली. कांगितेनची मूर्तीही झाकलेलीच असते. त्याचं एक कारण असं की तिचं नेहमीचं रूप म्हणजे एकमेकांना मिठी मारलेल्या दोन हत्तीमुखी आकृती, आणि ते उघडं ठेवण्यासारखं मानलेलं नाही. आता हे मी आई आणि मावशीला मराठीत कसं सांगणार होतो? नाही सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. काही गाळणं नुसत्या लाजेपोटी असतं. त्याला नीतीचा प्रश्न म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं.

पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारली. कडुलिंब मिळाला नाही. आईला गुढीला साकुराची डहाळी लावायची होती, पण इथं फांदी तोडणं म्हणजे फारच वाईट समजतात. मग तिनं बागेत खाली पडलेली अख्खी फुलं वेचली. चिमण्या मधासाठी फूल देठाजवळून तोडतात, त्यामुळे पाकळ्या न विस्कटता पूर्ण फूल खाली येतं. मी म्हटलं, "पडलेलं फूल देवाला चालतं का?" ती म्हणाली, "प्राजक्ताचं चालते. याचं काऊन नाई चालनार?" बघा, निर्णय घ्यायला तिला एक सेकंद लागला. परक्या देशात नवीन फूल समोर आलं, आणि तिनं तिच्या नियमांतला अपवाद शोधून त्याला लावला. माझ्या शीटची तिला गरज नव्हती. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मधले दोन दिवस क्योतोला गेलो. बहराच्या तारखांच्या नोंदी तिथं नवव्या शतकापासून सापडतात, आणि २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला बहर त्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता. हे वाचायला भारी वाटतं. प्रत्यक्षात आम्ही माणसांच्या पाठी पाहिल्या आणि परत आलो. बाबांना शिन्कान्सेन आवडली. सहा एप्रिलला रामनवमी होती. ती त्यांनी फोनवर पोहरादेवीच्या यात्रेचे व्हिडिओ बघत साजरी केली. नोकरीभर दर रामनवमीला ते त्या यात्रेच्या जादा गाड्यांवर असायचे.

आणि मग आठ एप्रिल.

आठ एप्रिलला जपानात बुद्धजयंती असते. नाव 'हाना मात्सुरी', फुलांचा सण. देवळात फुलांनी सजवलेला छोटा मंडप करतात. त्यात पसरट भांड्यात बाळ बुद्ध उभा असतो, एक हात आकाशाकडे, एक जमिनीकडे. लोक त्याच्या डोक्यावर छोट्या पळीनं गोड चहा ओततात. 'आमाचा' म्हणतात त्याला, एका झाडाच्या पानांचा असतो. जन्माच्या वेळी आकाशातून अमृत बरसलं, त्याची आठवण. रामजन्माला पाळणा हलवणाऱ्या बाईला हे दाखवायलाच हवं, म्हणून मी रजा टाकली आणि तिघांना शिबा पार्कमधल्या झोजो-जीला नेलं. तोकुगावा घराण्याचं देऊळ, सहा शोगुनांच्या समाध्या तिथं आहेत, मागं टोकियो टॉवर. साकुरा गळायला लागला होता. वारा आला की पाकळ्यांचा पाऊस.

एक गोष्ट मी विसरलो होतो. विसरलो म्हणणंही खरं नाही. शीटमध्ये त्या ठिकाणापुढं मी लिहून ठेवलं होतं : 'उजव्या बाजूनं नेऊ नको.'

झोजो-जीच्या आवारात एका बाजूला दगडी जिझोंच्या रांगा आहेत. शेकडो. वीतभर, दोन वीत उंचीच्या, मिटल्या डोळ्यांच्या बालमूर्ती. प्रत्येकीला लाल विणलेली टोपी, गळ्यात लाल लाळेरं, आणि शेजारी रंगीत भिंगरी. वारा आला की सगळ्या भिंगऱ्या एकदम फिरतात. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. त्या रांगांचं अधिकृत नाव 'मुलं वाढवणारे जिझो' असं आहे, आणि मुलं धडधाकट वाढावीत म्हणून लोक त्यांना भजतात हे खरंच आहे. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. पोटातच गेलेल्या, जन्मतःच गेलेल्या बाळांसाठी आईबाप तिथं येतात. अशा बाळाला जपानीत 'मिझुको' म्हणतात, पाण्याचं मूल. लोककथा अशी आहे की आईबापांच्या आधी गेलेली मुलं एका नदीकाठी दगडावर दगड रचत बसतात, राक्षस येऊन ते पाडतात, आणि जिझो त्या मुलांना आपल्या बाह्यांमध्ये लपवतो.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. हे मला आईनं कधी सांगितलेलं नाही. मी बारावीत असताना आजीच्या तोंडून एकदा निघालं, आणि मग आजीनं विषय बदलला. बारसंही झालेलं नव्हतं, म्हणून तिला नाव नाही. एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. श्राद्ध नाही, फोटो नाही, तिथी नाही.

म्हणून 'उजव्या बाजूनं नेऊ नको.' पण भिंगऱ्या लांबूनच दिसतात. मावशी सरळ तिकडंच गेली, मागं आई.

"हे काय रे?" आईनं विचारलं.

मी म्हणालो, "मुलांच्या वाढीचा देव आहे. मुलं चांगली वाढावीत म्हणून टोप्या घालतात."

एकही शब्द खोटा नव्हता. देवळाच्या पाटीवर लिहिलं आहे तेच सांगितलं. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, खाली टेकला. माझा रथ कधी अधांतरी नव्हताच, पण काहीतरी टेकल्याचं मला जाणवलं.

आई त्या रांगेपुढून हळूहळू चालत गेली. एका मूर्तीपुढं दुधाची छोटी बाटली होती. दुसरीपुढं खेळण्यातली गाडी. एक तरुण जोडपं नुसतं उभं होतं. एक भिंगरी कलंडली होती, ती तिनं सरळ करून खोचली. काही बोलली नाही. मी सांगितलेल्यावर 'हं' म्हणाली. नंतर बाळ बुद्धापाशी रांगेत उभं राहून तिनं तीन पळ्या चहा ओतला. लोक बहुतेक तीनच पळ्या ओततात, त्यामुळे त्यात काही शोधू नये, असं मी स्वतःला सांगितलं. मला एक धाकटा भाऊ आहे.

रात्री बाबा आणि मावशी झोपल्यावर आई स्वयंपाकघरात आली. मी लॅपटॉपवर होतो. तिनं पाणी घेतलं आणि उभ्यानंच म्हणाली, "थ्या टोप्या मेलेल्या लेकरायच्या होत्या ना?"

मी काहीच बोललो नाही. तीच पुढं म्हणाली, "वाढणाऱ्या लेकराची टोपी लेकराच्या डोक्यावर असते. दगडाले कोन घालन?"

मग आम्ही बोललो. तासभर बोललो. तिनं मला जे सांगितलं त्यातलं फार थोडं इथं लिहितो, कारण ते तिचं आहे. आजीनं लाल टोपरं शिवलं होतं. ते बाळाबरोबरच ठेवलं. धुऱ्यावर, पळसाखाली. फाल्गुन होता.

मी विचारलं, "मग तिथंच का नाही बोललीस?"

"मले वाटलं तुले म्हाईत नसन. तुह्या जिवाले कायले लावू?"

म्हणजे त्या भिंगऱ्यांसमोर मी तिला वाचवत होतो आणि ती मला. दोघंही सगळं माहीत असून दोघंही काहीच माहीत नसल्यासारखे. एवढ्या प्रेमातून एवढी शांतता तयार झाली होती.

यावर मी नंतर बरंच वाचलं, विचार केला. जपानीत एक म्हण आहे, 'उसो मो होबेन'. खोटंही एक उपाय असतो, असा तिचा अर्थ. गंमत म्हणजे 'होबेन' हा शब्द संस्कृत 'उपाय' याच शब्दासाठी आलेला आहे. त्याची मोठी कथा सद्धर्मपुंडरीक सूत्रात आहे. घराला आग लागली आहे, मुलं आत खेळात दंग आहेत, बाहेर येत नाहीत. बाप ओरडतो, बाहेर तुमच्यासाठी गाड्या आणल्यात! मुलं धावत बाहेर येतात. कथेत विचारलं जातं, बाप खोटं बोलला का? उत्तर, नाही. पटण्यासारखं आहे. पण माझ्या बाबतीत दोन गोष्टी जुळत नाहीत. एक तर तिथं बाप मुलांना फसवतो. मी मुलगा होतो, आणि मी माझ्याहून पंचवीस वर्षं जास्त जगलेल्या बाईला आतलं मूल धरून चाललो होतो. आणि दुसरं, घराला आग लागली आहे हे कुणी ठरवलं? मीच. आईला विचारलं नव्हतं. आग असलीच तर ती तीस वर्षांपूर्वी लागली होती, आणि ती त्यातून चालत बाहेर येऊन स्वयंपाक करत होती, सोयाबीन निंदत होती, माझ्या इंजिनिअरिंगची फी भरत होती.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात खोट्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कांट. दाराशी खुनी आला तरी खोटं बोलू नका म्हणणारा. पण त्याच कांटला प्रशियाच्या राजानं १७९४ मध्ये धर्मावर लिहू नकोस असं बजावलं, तेव्हा त्यानं 'महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून' लिहिणार नाही असं वचन दिलं. राजा १७९७ मध्ये वारला. कांटनं पुढच्याच वर्षी पुस्तक काढलं आणि सांगून टाकलं की ते शब्द आपण मुद्दामच निवडले होते, वचन त्या राजाच्या हयातीपुरतं होतं. मला हे वाचून बरं वाटलं, आणि लगेच कळलं की का बरं वाटलं. कांटपुढं राजा होता. त्याच्या हातात सत्ता होती, आणि अर्धं सत्य हे दुबळ्या माणसाचं हत्यार होतं. झोजो-जीत सत्ता माझ्याकडे होती. भाषा मला येत होती, पाट्या मी वाचत होतो, तिकिटं माझ्या फोनमध्ये होती. त्या तिघांना या देशात फक्त माझ्या तोंडून दिसत होतं. अशा वेळी अर्धं सांगणं म्हणजे अर्ध्या दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकणं.

माझ्या बाजूनं बोलायचं तर एक मुद्दा आहे, आणि तो मी सोडत नाही. या विधीला, मिझुको कुयोला, जपानातच एक काळी बाजू आहे. १९७० च्या दशकात तो खूप पसरला. तेव्हा काही ठिकाणी बायकांना घाबरवलं गेलं, गेलेल्या बाळाचा कोप होतो असं सांगून पैसे काढले गेले, आणि त्यावर टीकाही झाली. दुःख ही विक्रीची गोष्ट होऊ शकते हे आपल्याला महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. मला आईला त्या बाजारापासून दूर ठेवायचं होतं, हे खरं आहे. पण ते पूर्ण कारण नव्हतं. पूर्ण कारण असं की ती रडेल, आणि ज्या शहरात ट्रेनमध्ये कुणी बोलत नाही तिथं माझी आई मोठ्यानं रडेल, आणि मला काय करायचं ते कळणार नाही. मी तिला नाही, मला सांभाळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते बाल्कनीत चहा पीत खालून जाणाऱ्या बसचा वेळ घड्याळात बघत होते. त्यांना त्यातलं काहीच नवीन नव्हतं. रात्री ते जागेच होते. बराच वेळानं म्हणाले, "मी इतके वर्सं लोकायले देवाच्या दारात सोडलं. पोहरादेवी, शिरपूर, कारंजा. स्टॉप आला की नाव सांगो, बेल मारो. आतमंदी कोनी काय पाहाचं, कोनी कायले रडाचं, त्याचं तिकीट माह्याजवळ नव्हतं."

मला वाटतं यात एक पळवाटही आहे. कंडक्टरला नुसतं नाव सांगून भागतं, कारण प्रवाशाला गाव माहीत असतं. परक्या भाषेत नुसतं 'जिझो' म्हणून मी बेल मारली असती तर आईला काय कळलं असतं? क्षितिगर्भ म्हटलं असतं तर? भुईच्या पोटातला. ते तिला लगेच कळलं असतं, बहुतेक माझ्यापेक्षा जास्त. तेवढा एक शब्द मला येत होता आणि मी तो वापरला नाही.

ते अकरा एप्रिलला परत गेले. मी फोटोंचा अल्बम करून घरच्या ग्रुपवर टाकला. तीनशेबारा फोटो. उएनो, मुळा हातात धरलेली मावशी, शिन्कान्सेनच्या नाकाला हात लावणारे बाबा. झोजो-जीचे फोटो टाकताना बाळ बुद्ध ठेवला आणि टोप्यांचे फोटो काढून टाकले. एवढं सगळं बोलून झाल्यावरही. सवय अशी जात नाही. ग्रुपवर चुलते आहेत, भाऊ आहे, लोक काय विचारतील, अशी काहीतरी कारणं मी मनात जुळवली.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. गावात ऊन तापलं होतं, तूर भरडायला टाकली होती, मावशी साऱ्या गल्लीला मुळ्याच्या गणपतीची गोष्ट सांगत फिरत होती. मग म्हणाली, "सगळे फोटो पाह्यले. थ्या भिंगऱ्यायचे नाई दिसले."

"आहेत माझ्याकडे."

"पाठव मंग."

"तुला पाठवू की ग्रुपवर?"

ती थोडा वेळ थांबली. मागं कुणाची तरी बकरी ओरडत होती.

"ग्रुपवरच टाक," ती म्हणाली. "सांगन मी त्यायले."